असती तर दिसली असती

आमच्या ह्यांना कॉलेजातली पोरं 'प्रत्यक्षसर' म्हणायची. पाठीमागे, अर्थातच. समोर म्हणायची कोणाची टाप होती? अख्खं आयुष्य या माणसानं एकाच प्रश्नावर काढलं: आपल्याला जे कळतं, ते कशावरून कळतं? धूर पाहून आग कळते, ते अनुमान. विश्वासू माणूस सांगतो म्हणून कळतं, तो शब्द. पण सगळ्यांत थोरलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, प्रत्यक्ष. बाकीच्यांनी त्याच्या पाया पडायचं. हे सगळं मला झोपेत विचारा, सांगेन. ह्यांच्या पुस्तकाचं टायपिंग मीच करायची ना! फुकटची टायपिस्ट, वर चहा करून देणारी.

त्यातही ह्यांचा लाडका विषय म्हणजे 'नसणं'. टेबलावर पेला आहे हे डोळ्यांना दिसतं, ते शेंबडं पोरही कबूल करेल. पण टेबलावर पेला नाही, हे कशानं कळतं? जुन्या पंडितांची यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. काही म्हणाले, न दिसणं हे ज्ञानाचं वेगळंच साधन आहे. ह्यांचा पक्ष दुसरा. हे म्हणत, नसणंसुद्धा सरळ डोळ्यांनाच दिसतं. अट एवढीच की वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, अंतर बेताचं हवं, मन ठिकाणावर हवं आणि डोळा निर्दोष हवा. तेवढं असलं की खुशाल म्हणावं, नाही म्हणजे नाही. "असती तर दिसली असती" हे ह्यांचं पालुपदच होऊन बसलं. चष्म्याची डबी हरवली तरी तेच, किल्ली हरवली तरी तेच. मी जाऊन त्याच खणातून किल्ली काढून तळहातावर ठेवली की म्हणायचे, "मघाशी नव्हती." मी हसायची. तेव्हा हसायला येत होतं.

हे जुन्या हस्तलिखितांच्या एका संस्थेचे प्रमुख होते. माझा धाकटा भाऊ तिथंच दुरुस्तीच्या खोलीत कामाला. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता, त्याला भरवलं मी, शाळेत घातलं मी. डावखुरा, म्हणून घरात 'डावऱ्या', आणि पुढे संस्थेतही तेच नाव चिकटलं. वाळवीनं खाल्लेल्या पानांना पातळ कागदाचं ठिगळ लावायचं, खळ लावायची, वजनाखाली ठेवायचं, असं त्याचं काम. मेव्हण्याच्या वशिल्यानं लागला, हे टोमणे त्यानं मुकाट ऐकले. तो संस्थेत ह्यांना कधी 'भावजी' म्हणाला नाही, 'सर'च म्हणायचा, आणि घरी आला की मात्र हक्कानं ह्यांच्या बशीतला चहा पिऊन टाकायचा.

संस्थेत वर्षातून एकदा पडताळणी व्हायची. तिची रीत ठरलेली. लोखंडी कपाट प्रमुखांनी स्वतः उघडायचं, स्वतः पाहायचं आणि एकेक नाव घेऊन मोठ्यानं सांगायचं: आहे, आहे, आहे. बाकीच्यांनी खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. फार हात लागले की पानं तुटतात, म्हणून कोण्या जुन्या प्रमुखानं घातलेला नियम. कोणी मोडला नव्हता.

त्या वर्षी हे 'आहे, आहे' करत आले आणि एका नावावर थांबले. लाल कापडात बांधलेली पोथी, संस्थेतली सगळ्यांत मोलाची. ह्यांच्या पुस्तकाचा निम्मा डोलारा तिच्यावर उभा.

"नाही," हे म्हणाले.

उंबऱ्याबाहेरून डावऱ्या म्हणाला, "आहे सर. मीच परवा दुरुस्त करून ठेवलीय."

"नाही."

"सर, जरा नीट बघा."

झालं! तिथं काशी झाली. सगळ्यांच्या देखत, प्रत्यक्षावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला एक खळ लावणारा सांगतो, नीट बघा. हे वळले, आणि म्हणाले, "तू मला बघायला शिकवतोस?" कपाट धाडकन लावलं. कुलूप घातलं. हे सगळं मला डावऱ्यानं सांगितलं, आणि ह्यांनीही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

मग संस्थेचं मंडळ बसलं. एकाहून एक विद्वान, तर्कशास्त्र कोळून प्यायलेले. पोथी नाही, हे तर प्रत्यक्ष. आता ती गेली कशी, याचा विचार सुरू झाला. कुलूप शाबूत आहे, म्हणजे बाहेरचा चोर नाही. किल्ली मागून घेणारा शेवटचा माणूस कोण? डावऱ्या. ठेवताना कोणी पाहिलं? नाही. एकानं तर त्याच्या पायातल्या नव्या बुटांवरून अनुमान काढलं. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे, हे बुटावरून गेले. चांगले चार दिवस चर्चा चालली आणि त्या चार दिवसांत एकाही शहाण्याला वाटलं नाही की उठावं, चार पावलं चालावं आणि कपाट उघडून पुन्हा एकदा बघावं. सरांनी पाहिलंय ना! मग पाहायचं काय राहिलं? दुसरीकडे कुठं, किराणा दुकानात, गोदामात अशी वस्तू हरवली असती तर पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांनी फळ्या उपसल्या असत्या. इथं सगळे खुर्च्यांवर बसून साप साप म्हणून भुई धोपटत राहिले.

डावऱ्याला काढलं, आणि त्या दिवसापासून कपाटाची किल्ली ह्यांनी कोणाच्या हाती दिली नाही. पोलिसांत गेले नाहीत, संस्थेची अब्रू जाईल म्हणून. मोठे उपकार! पण असली बातमी न सांगता फिरते. ज्या ग्रंथालयात जाई तिथं लोक आधी त्याच्या हातांकडे बघत. शेवटी बिऱ्हाड हलवून दुसऱ्या गावी गेला, खोकी बनवण्याच्या कारखान्यात लागला. ज्या बोटांनी पिंपळपानासारखी जाळी झालेली पानं जोडली, त्या बोटांनी पुठ्ठ्याला पट्ट्या चिकटवायच्या.

जाताना दारात उभा राहून म्हणाला, "ताई, तू तरी कपाट उघडून बघितलंस का?"

"मी कशी बघणार? मला कोण आत सोडतंय?"

"म्हणजे कोणीच नाही बघितलं." मग बूट घालता घालता खाली मानेनं म्हणाला, "भावजींनी मला चोर म्हटलं नाही, माहितीये मला. ते फक्त म्हणाले, पोथी नाही. त्यांनी एवढंच म्हणावं की मला दिसली नाही. बस. ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी फोन कर. तोवर नको करूस, ताई. ऐकवत नाही."

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दोन्हींत फरक काय? मला दिसली नाही, म्हणजे नाही."

त्यानंतर कधीतरी ताटाचं माझ्या लक्षात आलं. हे जेवून उठले की ताटात डावीकडचं सगळं तसंच. भात खाल्लेला, भाजीला हात नाही. "भाजी आवडली नाही का?" तर म्हणे, "केलीच कुठं होतीस?" मी ताट फिरवून ठेवलं. हे पुन्हा बसले आणि निमूट भाजी खाल्ली. मला वाटलं, वय झालं, विसरायला लागले. मग दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायला लागले, आणि सुताराला शिव्या. वाचताना छापखान्याला शिव्या, "हल्लीचे लोक ओळीतला पहिला शब्दच खातात." मी ओळ बघायची. पहिला शब्द आपला जागच्या जागी.

शेवटी ओढत नेलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एका अंधाऱ्या यंत्रात हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाईंनी नंतर कागद पुढे ठेवला. दोन गोल, दोन्हींची डावी बाजू काळीकुट्ट.

"डोळे चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "मेंदूत मागं कधीतरी बारीकसा झटका येऊन गेलाय. डावीकडचं काही पोचत नाही."

"छे! मला कुठंही काळं दिसत नाही," हे म्हणाले. "सगळं पूर्ण दिसतं."

"तेच तर आहे, सर. काळं दिसलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी धावत आला असता. जे दिसत नाही, ते दिसत नाही हेसुद्धा दिसत नाही. पेशंट म्हणतो, आहे एवढंच आहे."

मी विचारलं, "कधीपासून असेल?" बाई म्हणाल्या, वर्ष तर सहज झालं असेल; एखाद्या दिवशी डोकं भयंकर दुखलं होतं का, उलटी झाली होती का? झाली होती. मला तो दिवस पक्का आठवत होता, कारण डावऱ्यानंच ह्यांना संस्थेतून धरून घरी आणलं होतं, आणि रात्रभर पायाशी बसला होता. पडताळणी त्याच्या नंतरची. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कागदाकडे पाहत होते, त्यातल्या उजव्या, पांढऱ्या बाजूकडे.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर संस्थेत गेले. नियमबियम गेला खड्ड्यात! ह्यांनी कपाट उघडलं तशी उंबरा ओलांडून आत शिरले. खालून दुसरा कप्पा, आणि त्यात अगदी डाव्या टोकाला, बाकीच्यांपासून वीतभर लांब, लाल कापड. नवी खळ लावलेली पोथी पूर्ण वाळेपर्यंत दुसरीला चिकटू नये म्हणून अशीच टोकाला, वेगळी ठेवतात. दुरुस्तीच्या खोलीतल्या कोणीही हे सांगितलं असतं, पण विचारलं कोणी? आणि त्यातून आमचा डावखुरा, त्याचा हात डावीकडेच जाणार. काखेत कळसा नि गावाला वळसा! मला रडू फुटलं. ह्यांची हनुवटी धरून मी तोंड डावीकडे फिरवलं, लहान मुलाचं फिरवतात तसं.

"दिसली?"

"दिसली," हे म्हणाले. मग म्हणाले, "हात लावू नकोस."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मंडळ बोलवा आणि सांगा, मला दिसली नव्हती. हे हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला ह्यांची दया आली होती. परतताना मी ह्यांच्या डाव्या बाजूनं चालले, रस्त्यात कोणाचा धक्का लागू नये म्हणून. मनात डावऱ्याला फोनवर काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

मंडळ बसलं. मी बाहेर बाकावर, दार उघडं. हे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पोथी सापडली आहे."

आणि बसले.

सापडली आहे! जशी काही स्वतःच वाट चुकली होती नि घरी आली. मी वाट बघतेय, आता बोलतील, आता बोलतील. तेवढ्यात अध्यक्ष सुरू झाले. पोथी त्या दिवशी नव्हती, हे सरांनी पाहिलंय. आज आहे, हेही पाहिलंय. कुलूप शाबूत. म्हणजे कोणीतरी आणून ठेवली, याशिवाय दुसरी संगती लागत नाही. जुन्या ग्रंथांत उदाहरण आहे ना, धडधाकट माणूस दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असलाच पाहिजे. तसंच हे. मग काल कपाटाच्या खोलीत सरांशिवाय आणखी कोण शिरलं होतं?

सगळ्यांच्या माना दाराकडे, माझ्याकडे वळल्या.

अध्यक्ष उठून बाहेर आले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, भावाच्या मायेपोटी माणूस करतो असं. वस्तू परत आली, आम्हाला पुरे. आम्ही हे बाहेर नेणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत घुसले. डॉक्टरचा कागद टेबलावर आपटला. "ह्यांना डावीकडचं दिसत नाही! विचारा ह्यांना! अहो, बोला की!"

हे बोलले. अगदी शांतपणे, वर्गात बोलतात तसे. "आजच्या तपासणीवरून आज काय दिसत नाही ते कळतं. त्या दिवशी काय दिसत होतं, ते सिद्ध होत नाही."

एकानं मान डोलावली. दुसरा म्हणाला, शिवाय बायको आणि बहीण, दोन्ही नात्यांनी वहिनींचा शब्द तटस्थ धरता येणार नाही. मला सांगा, आता यावर काय बोलायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाच्या बहिणीलाही दोर. मी कागद उचलला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर मी भांडले. भांडले म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. हे खुर्चीत बसून होते. शेवटी म्हणाले, "पुस्तक छपाईला गेलंय. नसणं डोळ्यांना दिसतं, असं मी चौथ्या प्रकरणात मांडलंय. आणि लोकांना कळलं की माझ्याच डोळ्यांना... हसतील गं सगळे. जन्मभराचं काम आहे."

"आणि त्याचा जन्म?"

"त्याला काम मिळालंय ना आता?"

मी त्यानंतर ह्यांच्याशी गरजेपुरतं बोलायची. ताट मात्र फिरवून द्यायची, सवयीनं. डावऱ्याला फोन करायला हात जायचा आणि मागे यायचा. काय सांगणार होते? पोथी सापडली, आणि आता चोर तू एकटा नाहीस, मीही आहे?

पुस्तक आलं. जाडजूड, कडक पुठ्ठ्याचं. लोकांनी फोन केले, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. एका सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मी चौथं प्रकरण काढलं. ते मी टाइप केलेलं, शब्दन्‌शब्द पाठ. पण मधेच एक परिच्छेद होता जो माझ्या हातचा नव्हता. कोणाकडून तरी मागाहून करून घेतला असणार.

समजा, तिथं लिहिलं होतं, हस्तलिखितं दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. त्याच्या दृष्टीत दोष आहे. समोरच्या कप्प्यात पोथी असूनही त्याला दिसत नाही आणि तो म्हणतो, पोथी नाही. यानं आमच्या सिद्धांताला बाध येत नाही. कारण तिथं निर्दोष डोळा, ही अटच पाळली गेलेली नाही. निर्दोष डोळ्याचा माणूस तोच कप्पा पाहतो आणि त्याला पोथी दिसते.

मी परत वाचलं. कारागीर! आंधळा तो, आणि डोळस हे! माझ्या डावऱ्याची अब्रू घेतली, भाकरी घेतली, आणि वर आपलं आंधळेपण त्याच्या पदरात बांधून त्याला पुस्तकात कायमचा बसवला. इतका वेळ मला वाटत होतं की हा माणूस भित्रा आहे. भित्र्या माणसाला माफ करता येतं हो. पण हा परिच्छेद बसून, विचार करून, वाक्यं तासून लिहिलेला होता.

तेवढ्यात फोन वाजला. हे आतल्या खोलीतून आले आणि टेबलाच्या टोकाशी उभे राहून फोन घेतला. अध्यक्ष होते, त्यांचा आवाज इतका मोठा की मला इथं ऐकू येत होता. पुस्तकाबद्दल सत्कार ठरला होता. वहिनींनाही व्यासपीठावर बसवायचं म्हणत होते, झालं गेलं विसरून जाऊ, जरा द्या त्यांना फोन.

"थांबा हं," हे म्हणाले. मान वर करून त्यांनी खोलीभर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. हात लांब केला असता तर माझ्या खांद्याला लागला असता. न दिसण्याची कारणं सांगताना हे वर्गात एक नेहमी सांगत: वस्तू फार जवळ असली तरी दिसत नाही. मी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाही, घरात नाही ती," हे फोनमध्ये म्हणाले. "छे छे, पाहिलं ना मी. असती तर दिसली असती."

मी पुस्तक मिटून त्यांच्या हाताशी ठेवलं, उजवीकडे. पिशवी घेतली, डॉक्टरचा कागद आत होताच. डावऱ्याला हवं होतं ते वाक्य माझ्याकडे नव्हतं, आणि तो दार उघडेल की नाही तेही माहीत नव्हतं. हे अजून सत्काराची तारीख ठरवत होते. मी डाव्या बाजूनंच त्यांच्या मागून गेले, आणि दार हळूच ओढून घेतलं. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी ह्यांचं प्रत्यक्ष खरं ठरू दे.